आषाढातली माटोळी

मामीने पहिला फोन नेत्रपेढीला केला आणि दुसरा मला. "तुझो मामा गेलो गो... डोळेवाल्यांका सांगितलंय, ते वाटेर आसत. तू बेगीन ये." धारगळहून डिचोलीपर्यंत मी स्कूटरवर रडतच गेले, पण खोटं कशाला सांगू, रडता रडता मामीचा अभिमानही वाटत होता. मामा तिला नेहमी बजावायचा, "आधी डोळ्यांचा बघ, मगे रड." तिने त्याचा शब्द राखला.

वासूमामा माझ्या आईचा धाकटा भाऊ, गणपती करणारा. त्याच्या चित्रशाळेत माती मळायला कुणीही बसे, रंगालाही दहा हात लागत. पण डोळे आखायचे ते मामानेच, सर्वांत शेवटी, आंघोळ करून. आणि नेमकं त्याच्याच उजव्या डोळ्यावर धुकं आलं. बुबुळाच्या आतला पातळ थर निकामी झाला होता. एका डोळ्याने अंतर कळेना. कुंचला मूर्तीला टेकलाय हे ठिपका पडल्यावरच समजे. त्या चतुर्थीला शेजारच्या वहिनीने आपल्या घरच्या मखरासमोर उभं राहून विचारलं, "औंदा बाप्पा खंय बघता गो? दाराकडे?" सगळे हसले. मामा हसला नाही. घरी येऊन म्हणाला, "फुडल्या वर्षी माती हाडू नकात."

मग मीच त्याला ओढत डॉक्टरांकडे नेलं. तिथल्या डॉक्टरबाईंनी जे सांगितलं ते ऐकताना मी खुर्चीत पुढे पुढेच सरकत होते! पूर्वी अख्खं बुबुळ बदलून गोल टाके घालत, नजर स्थिरावायला कितीतरी महिने जात. आता दात्याच्या डोळ्यातला केसाहून पातळ थर तेवढा घ्यायचा, बारीक छेदातून गुंडाळून आत सोडायचा, तिथेच उलगडायचा आणि खाली हवेचा बुडबुडा सोडून जागेवर टेकवायचा.

"बुडबुडो?" मामाचे कान टवकारले. "सोड्याचो आसता तसो?"

बाई हसून हो म्हणाल्या. फक्त बुडबुड्याने थर नीट दाबून धरावा म्हणून काही दिवस उताणं पडून छताकडे बघायचं. शिवाय एकच डोळा दोघांच्या उपयोगी पडू शकतो, पुढचा भाग एकाला, आतला थर दुसऱ्याला, हे कळल्यावर मामा परतीच्या बसमध्ये जो भेटेल त्याला सांगत सुटला, "एका नारळाच्यो दोन वाट्यो, तसा!"

शस्त्रक्रियेनंतर खाट मांडली ती बाहेरच्या खोलीत, माटोळीच्या चौकटीखाली. चतुर्थीला गणपतीच्या डोक्यावर आपण फळं-पानं टांगतो ती ही लाकडी चौकट, एरवी रिकामीच. रिकाम्या पट्ट्या बघून मामा दोन तासांत कावला. तेव्हा मामीने वर निरफणस टांगला. मग सुपारीचा घोस, तवसं म्हणजे मोठी काकडी, केळी... भर आषाढात माटोळी! शेजारणी धावत आल्या. "गणपती नसताना माटोळी? हा काय गो?" खाटेवरून आवाज आला, "आसा मगो गणपती. पोट बघ!"

आधी डावा डोळा झाकला की मामाला वर नुसताच हिरवट ढग दिसे. मग निरफणसाला काटे फुटले. आणि एका सकाळी मामा ओरडला, "सुपारी! सुटी सुटी दिसता गो, एक-एक!" मामीच्या हातातली कपबशी निसटली आणि कुणी खाली बघितलंही नाही. त्या चतुर्थीला डोळे त्यानेच आखले. वहिनी पुन्हा मखरासमोर उभी राहिली, जरा डावीकडे सरकली, जरा उजवीकडे. "आता माकाच बघता," ती म्हणाली आणि पदर डोळ्यांना लावला.

मामा गेल्यानंतर, परवा नेत्रपेढीतून मला फोन आला. मामाच्या निरोगी डाव्या डोळ्याचं बुबुळ दोघांना बसवलं. नावं सांगत नाहीत. मामाला थर देणाऱ्याचंही नाव आम्हाला कधी कळलं नव्हतं. मला राहवेना, संध्याकाळी मामीकडे गेले आणि एका श्वासात सगळं सांगितलं. ती मामाच्या खाटेवर बसली होती. चौकटीला सुपारीच्या घोसाची दोरी अजून लोंबत होती. मामीने वर बघितलं.

"म्हणजे कोणतरी आता उताणा पडान वर बघत आसतला," ती म्हणाली. "तेच्या वर कोणी काय टांगला आसात काय गो?"