कमान बंद!

आमच्या घरी पाहुणा आला की चहाच्या आधी माझी कमान यायची. बाबा बैठकीत सतरंजी अंथरायचे अन् हाक मारायचे, "दाखव वं पोरी!" मी उभ्या उभ्या मागे वाकून हात टेकवायची. पाहुणे "अरे बाप्पा!" करायचे, बाबांची छाती फुगायची. विम्याचा माणूससुद्धा कमान पाहिल्याशिवाय सुटला नाही.

ही सत्तरच्या दशकातली, माझ्या आठवीतली गोष्ट. शाळेत आम्हा मुलींचा मनोरा व्हायचा. खाली चौघी, त्यांच्या खांद्यांवर दोघी, अन् त्या दोघींच्या खांद्यांवर कमान टाकून मी. सव्वीस जानेवारीला अख्ख्या गर्दीसमोर टोकावर चढायचं, याशिवाय मला जगात काही नको होतं.

त्यात दिवाळी आली. एका दिवसात इतके पाहुणे, इतक्या कमानी, की शेवटच्या खेपेला कमरेत कळ आली अन् मी धपकन सतरंजीवर. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या! त्यांना वाटलं, हाही खेळच.

दिवाळीच्या सुट्ट्या संपल्या तरी मला धड वाकता येईना. शेवटी बाबांनी शेजारच्या काकांना बोलावलं. काका पायाळू, म्हणजे जन्मताना त्यांचे पाय आधी आलेले. अशा माणसाचा पाय लागला की लचकलेली कमर सुटते, यावर साऱ्या मोहल्ल्याचा विश्वास. काका पाय धुऊन आले. "हळू मारू का जोरात?" त्यांनी विचारलं. आई म्हणाली, "आता सारं तुमच्याच हातात." काकांनी पाय उचलला, तेवढ्यात दारात आमच्या खेळाच्या बाई! मी शाळेत दिसले नाही म्हणून चौकशीला आल्या होत्या.

"ओ काका! पाय खाली घ्या आधी!"

काका दचकले, तोल गेला, अन् थेट चिवड्याच्या परातीत बसले. मला हसू आवरेना, अन् हसलं की कमर ठणके. हाय हाय अन् ही ही एकाच दमात!

बाईंनी बाबांना दामटून मला सीताबर्डीला हाडांच्या डॉक्टरांकडे न्यायला लावलं. हाड शाबूत होतं, पण मागे वाकून वाकून कमर थकली होती. कमान बंद! आधी आराम, मग बाई शिकवतील तसं पोट अन् मांड्या मजबूत करायच्या. टोकावर दुसरी मुलगी चढणार, हे कळल्यावर मी घर डोक्यावर घेतलं.

बाबांचा चेहरा पार उतरला. दुसऱ्या आठवड्यापासून मी उताणी पडून, पोट आवळून, एकेक पाय उचलू लागले, तर हे पायजमा सावरत माझ्या शेजारी आडवे! "मीबी करतो. तुले एकटीले कंटाळा येईल." पाहुणा आला की झोपूनच सांगायचे, "बसा जी, आमचं पोट आवळणं चालू आहे." आई तोंडाला पदर लावून आत पळायची.

कळ हळूहळू गेली. डॉक्टरांनी पुन्हा तपासून कमान सोडून बाकी खेळांना हो म्हटलं. मग बाई म्हणाल्या, "पाठ सरळ ठेवून उभी राहशील? खालच्या रांगेत?"

खालच्या रांगेत! जिथे कोणी ढुंकूनही पाहत नाही तिथे! मी फणकारले, "मी काय खांब आहे?" पण अजिबात नसण्यापेक्षा खांब बरा, म्हणून उभी राहिले.

सव्वीस जानेवारीला माझ्या खांद्यावर पाय पडला. मी पोट आवळलं अन् कळ यायची वाट पाहिली. आलीच नाही! कमर अगदी गप्प! मला इतका आनंद झाला की खुदकन हसू फुटलं, सारा मनोरा वरपर्यंत डुगडुगला अन् बाई दातओठ खात कुजबुजल्या, "हसू नको वं!"

वर टोकावर त्या दुसऱ्या मुलीची कमान झाली. सारी गर्दी माना वर करून टाळ्या वाजवत होती. त्या गलक्यात बाबांचा आवाज आला, शेजारच्यांचे खांदे हलवून हलवून सांगत होते, "वर काय पाहून राहिले जी? खाली पहा, खाली! ते हसून राहिली ना, ते माही पोरगी!"