चुगलखोर तार

नागपुरात मला टिकू दिलं ते आमच्या कारखान्याच्या हेडमिस्त्रींनी. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढच्या हकिकतीत बराच वेळ माझा संशय त्यांच्यावरच आहे, आणि वाचणाऱ्याने तरी तो घेऊ नये.

मी कोकणातला, समुद्राकाठचा. नववीत शाळा सुटली. होड्यांना फायबरचे थर चढवायला शिकलो आणि वडिलांची होडी विकली गेल्यावर, नव्वदच्या दशकाच्या अखेरीला, तेवढ्या एका कामाच्या जोरावर नागपूर गाठलं. कारखाना शहराबाहेर होता. वीजकेंद्राच्या कूलिंग टॉवरवर जे अवाढव्य पंखे फिरतात, त्यांची पाती आम्ही करायचो. एकेक पातं माणसाहून लांब. त्याचे दोन अर्धे वेगवेगळे घडवायचे आणि शिंपला मिटावा तसे रेझिन नावाचा चिकट, सुकून घट्ट होणारा द्रव लावून एकमेकांवर बसवायचे. हे चिकटवण्याचं काम माझ्याकडे. एकदा पातं मिटलं की आतला सांधा कसा झालाय ते कुणालाच दिसत नसे. खरं सांगायचं तर मला त्याचाच आधार वाटे.

तो आधार एका तरुण इंजिनिअरसाहेबांनी काढून घेतला. त्यांनी केसाहून बारीक तांब्याची तार आणली. ती सांध्याच्या आत नागमोडी टाकायची, दोन्ही टोकं पात्याच्या मुठीतून बाहेर काढायची आणि त्यांना बॅटरी नि एक छोटा बल्ब जोडायचा. सांधा शाबूत तोवर बल्ब पेटलेला. आत कुठे तडा गेला की तार तुटणार आणि बल्ब विझणार.

"बाहेरून डोळ्यांना दिसायच्या आधी आपल्याला कळेल," साहेब खुशीत म्हणाले.

चहाच्या वेळी पाती रंगवणारा रंगारी माझ्या कानाशी लागला. "पाती पाहाले नाही गा ते. आपल्याले पाहाले हाय. कोण कसं काम करून राह्यला, सारं मालकाले समजते. चुगलखोर तार हाय ते!"

मला ते पटलं. रंगाऱ्याचं काम तर उघड्यावरचं. चुगली व्हायची ती माझीच. त्या दिवसापासून तार टाकताना कोणी जवळ उभं राहिलं की मी पाठ वळवून काम झाकायचो.

त्यात मे महिना. माझ्या गावी घाम येतो, पण इथलं ऊन अंगातलं पाणीच ओढून घेई. एका दुपारी मी टेबलाला धरून उभा राहिलो तेव्हा हेडमिस्त्री आले. बुटके, पांढऱ्या मिशांचे, खांद्यावर कायम ओला दुपट्टा.

"काहून गा कोकण्या, चक्कर येऊन राह्यली का?"

मी नाही म्हटलं. त्यांनी ऐकलं नाही. स्वतःच्या टेबलाजवळचा लोखंडी कूलर खरडत आणला आणि त्याचं तोंड थेट माझ्या अंगावर केलं. खसच्या, म्हणजे वाळ्याच्या, ओल्या ताट्यांचा गार वास आला. मला बरं वाटायला हवं होतं. पण मनात आलं, स्वतःची हवा कोणी परक्याला देतो का? दर थोड्या वेळाने ते कूलरमधलं पाणी बघायला येत आणि मी मनाशी म्हणे, पाणी कसलं, माझे हात बघायला येतात.

त्या दुपारी मी चिकटवलेलं पातं तपासणीला गेलं. मूठ चौकटीत आवळायची आणि टोक मोटरने वरखाली हलवत ठेवायचं. जेवणाच्या सुट्टीआधी बल्ब विझला. बल्ब बदलून पाहिला, बॅटरी बदलली. काळोखच. पात्यावर मात्र बाहेरून एक ओरखडाही नाही.

मालक आले. "तार तोडलीस, की सांधा कच्चा ठेवलास? काहीही असो, उद्यापासून येऊ नकोस."

"त्या तारेचा राग होताच न याले," रंगारी मागून म्हणाला. तिला चुगलखोर म्हणणारा तोच!

गावी परत जाऊन करणार काय, होडीसुद्धा उरली नव्हती. आणि डोक्यात एकच चक्र: माझ्या टेबलाशी आणखी कोण येत होतं? एकच माणूस. नाव ओठांवर आलं होतं.

तेवढ्यात तोच माणूस म्हणाला, "साहेब, बोलून काय होते? कापून पाहा न पातं."

करवत चालली. पातं उघडलं तेव्हा टोकाकडचा सांधा वीतभर सुटलेला होता आणि तार नेमकी तिथेच तुटलेली. रेझिनवर दुधाच्या सायीसारखा पांढुरका, चिकट पापुद्रा होता. साहेबांनी तो नखाने खरवडला.

"घट्ट होताना ओल बसली आहे," ते म्हणाले. "पण मे महिन्यात, नागपुरात, ओल आली कुठून?"

हेडमिस्त्री कूलरकडे बघत होते. मग त्यांनी खांद्यावरचा दुपट्टा काढून हातात घेतला.

"तो कूलर म्या फिरवला, साहेब. याच्या अंगावर. यानं मांगितला नव्हता. पोट्टं पडून राह्यलं होतं गरमीनं. मले का माहीत, ओली हवा रेझिनले सोसत नाही म्हणून."

माझी नोकरी राहिली. चिकटवताना कूलर बंद, असा नियम झाला. आणि हेडमिस्त्रींना आतल्या कामावरून काढून आवारात, पत्र्याच्या शेडखाली, माल उतरवून घ्यायला बसवलं. निवृत्त होईपर्यंत ते तिथेच होते.

संध्याकाळी मी त्यांच्याजवळ गेलो. "काका, कशाला बोललात? कुणालाही कळलं नसतं."

"तारेले तं कळलंच होतं न गा," ते हसले. "अन् मले उनाची सवय हाय. तू गेला असता वितळून."

मग त्यांनी विचारलं, "तुमच्या समुद्राची हवा कशी असते? कूलरवानी?" त्यांनी समुद्र कधी पाहिला नव्हता. सांगण्यापेक्षा एकदा दाखवीनच, असं मी मनाशी ठरवलं.

काका आता थकलेत, पण प्रवास झेपेल इतके धडधाकट आहेत. एक दिवस मी त्यांना माझ्या गावी नेणार आहे. ओसरीवर खुर्ची टाकीन, तिचं तोंड खाऱ्या वाऱ्याकडे मी स्वतः वळवीन, आणि हवं तेवढा वेळ त्यांना तिथे बसू देईन.