चकल्या तळणं हे काम आहे का

माझी नोकरी गेली त्या दिवशी मी भाडेकरूंसाठी पत्रक लिहीत होते. विषय: भाडं थकलं तर घाबरू नका. भाडेकरूंच्या हक्कांसाठी भांडणारी आमची छोटी संघटना एका देणगीवर चालायची. देणगी आटली, आणि दुपारी डायरेक्टरने सगळ्यांना एका खोलीत बोलावून सांगितलं की आजपासून आपण मोकळे. पत्रक अर्धंच राहिलं. उरलेला अर्धा भाग आता मलाच वाचायला हवा होता, पण तो कोणी लिहिलेलाच नव्हता.

मी बेकारी भत्त्यासाठी अर्ज केला. ही भीक नव्हे. माझ्या प्रत्येक पगारामागे संघटनेने राज्याला पैसे भरले होते, ते याच दिवसासाठी. मुद्दाम सांगते, कारण आपल्या लोकांत हा भत्ता म्हणजे घरातली मूळव्याध. असते, पण बोलायचं नाही. नोकरी गेलेले एक काका मला माहीत आहेत, ते रोज सकाळी लॅपटॉपची बॅग खांद्याला लावून निघतात आणि लायब्ररीत जाऊन पेंगतात. व्हिसावर असलेल्यांना तर बहुतेक वेळा भत्ता मागायचीही सोय नाही, त्यावर वेगळं पत्रक व्हायला हवं. माझ्याकडे ग्रीन कार्ड होतं. आईबाबांनी मला शाळेत असताना इकडे अमेरिकेत आणलं आणि निवृत्त झाल्यावर ते स्वतः नागपूरला परत गेले.

भत्ता वेळेत आला नाही, तर खोली सोडून नेपरव्हिलला मावशीकडे जावं लागणार होतं. मावशी प्रेमळ आहे. धोका तोच होता.

"बेसमेंट झाडून ठेवलंय गं," ती फोनवर म्हणाली. "तुझे ते मोर्चेबिर्चे पुरे आता. ये, झोप, खा."

मी स्वतःला वचन दिलं की बेसमेंटमध्ये जाऊन झोपायचं आणि खायचं नाही.

आधी मी म्हणजे मीच आहे हे सिद्ध करायचं होतं. फोनसमोर चेहरा धरा. डावीकडे वळा. उजवीकडे वळा. चेहरा जुळत नाही. कार्डावरचा फोटो जुना होता, त्यात मी आज्ञाधारक दिसत होते. माझी रूममेट पुण्याची, मातीवर पीएचडी करते. ती टेबललॅम्प धरून उभी राहिली आणि म्हणाली, "यार, तू रागावलेली दिसतेस. जरा गरीब दिस." मी गरीब दिसले. चेहरा जुळला. याचा अर्थ काय घ्यायचा तो ज्याने त्याने घ्यावा.

मग दर दोन आठवड्यांची प्रश्नावली सुरू झाली. रूममेटने बजावलं होतं, सगळ्याला नाही म्हण. पण एक प्रश्न असा होता: या काळात तुम्ही काही काम केलं का, मोबदला मिळाला असो वा नसो?

दिवाळी तोंडावर होती. आमच्या गावातलं मराठी मंडळ दरवर्षी फराळ करून विकतं आणि त्या पैशांवर मुलांची मराठी शाळा चालवतं. त्या शनिवारी मी सकाळपासून संध्याकाळपर्यंत एका काकूंच्या गॅरेजमध्ये चकल्या तळल्या होत्या. कंबर मोडली होती, केसांना तेलाचा वास येत होता. शिवाय बिनपगारी कष्ट हेसुद्धा कामच असतं, यावर मी स्वतः एक पत्रक लिहिलेलं होतं, ते शेतकरी बाजाराबाहेर उभं राहून वाटलं होतं. आता सरकार सरळ विचारत होतं. मी 'हो' दाबलं. त्या काळात नोकरी आली असती तर लगेच जाता आलं असतं का, या प्रश्नावर खुलाशाची चौकट होती. तिथे लिहिलं: शनिवारी नाही, कढई सोडता येत नव्हती.

भत्ता थांबला. स्क्रीनवर 'विचाराधीन' असा शब्द आला आणि तिथेच राहायला आला.

"तुला सांगितलं होतं ना," रूममेट म्हणाली.

"खोटं लिहू?"

"चकलीबद्दल कोण विचारतंय पण?"

"सरकार विचारतंय."

खात्याला फोन लावला. आमच्या सगळ्या लाइन व्यस्त आहेत, असं एक यंत्र म्हणालं आणि त्याने माझा फोन कापला. पुन्हा लावला. यंत्राने पुन्हा कापला, पण कापण्याआधी आभार मानले. संताप या आभारांचा आहे. शेवटी पत्र आलं: अमुक दिवशी सकाळी कधीतरी अधिकारी फोन करतील, उचलला नाहीत तर तुमच्याशिवाय निर्णय होईल. संस्थेकडून खुलासा तयार ठेवा.

संस्था म्हणजे मंडळ. मी कार्यकारिणीच्या ग्रुपवर विनंती टाकली. अध्यक्ष म्हणाले, पत्रात 'स्वयंसेवक' शब्द हवा. खजिनदार म्हणाले, सरकारला पत्र म्हणजे टॅक्सची भानगड, आधी वकिलाला विचारू. सचिवांनी ठराव मांडायला सांगितलं. मधेच कुणीतरी झेंडूच्या फुलांचं चित्र पाठवलं आणि सगळ्यांनी त्याला नमस्कार केले. पत्र निघालं नाही.

म्हणून फोनच्या दिवशी सकाळीच मी त्या गॅरेजवाल्या, फराळप्रमुख काकूंकडे गेले. त्यांनी सही केली असती तर ठरावाची गरज कुणाला वाटली नसती. दिवाळी होऊन गेली होती. त्या गॅरेजमध्ये मोठाली पातेली उलटी घालत होत्या. मी सांगायला तोंड उघडलं आणि फोन वाजला.

मी तो स्पीकरवर टाकला. अधिकारी बाई होत्या, आवाजावरून थकलेल्या. चकली म्हणजे काय, हे मी सांगितलं. गोल, काटेरी, तिखट.

"हे पदार्थ तुम्ही विकता?"

"मंडळ विकतं."

"म्हणजे तो व्यवसाय आहे."

"नाही, शाळेसाठी."

"तुम्ही शिक्षिका आहात?"

"नाही, मी तळते."

पलीकडे टाइप केल्याचा आवाज आला. मग विचारलं, "त्या वेळी नोकरीसाठी बोलावणं आलं असतं, तर निघता आलं असतं?"

"कढईत घाणा असताना? जळाला असता."

काकूंनी हातातलं पातेलं खाली ठेवलं. "दे इकडे," असं म्हणत फोन घेतला आणि स्वतःची ओळख किचनप्रमुख अशी करून दिली. पुढचं सगळं त्या इंग्रजीत बोलल्या, पण सूर पूर्ण मराठी होता.

"मॅडम, हिने काम केलेलं नाही."

"ती म्हणते केलं."

"तिला वाटतं तसं. हिच्या चकल्या तेलात सुटतात. निम्म्या मोडल्या, त्या आम्ही घरी खाल्ल्या. दुपारीच हिला म्हटलं, बाळ, घरी जा. जात नव्हती. वर पीठ मळणाऱ्यांना हक्कांवर भाषण देत होती."

"भाषण नव्हतं ते, काकू," मी म्हणाले.

"गप्प बस. मॅडम, हिला कुणी नोकरी दिली असती तर मी स्वतः गाडीने सोडलं असतं."

मग त्या बाई हसल्या, थोड्याच, खात्याच्या नियमांत बसेल इतक्या. "म्हणजे तिच्यावाचून अडलं नसतं?"

"अडत तिच्यामुळे होतं."

मला ओरडून सांगायचं होतं की हे सगळं चूक आहे, निम्म्या चकल्या चांगल्या होत्या, आणि वाईट काम हेसुद्धा कामच असतं. पण डोळ्यांसमोर झाडून ठेवलेलं बेसमेंट आलं. मी पातेल्याचं झाकण पुसत राहिले.

बाईंनी सांगितलं की नोंद दुरुस्त करते. काकूंनी त्यांना चकलीच्या भाजणीचं प्रमाण देऊ केलं. त्यांनी ते लिहून घेतलं की नाही, कळलं नाही.

फोन ठेवून काकू म्हणाल्या, "शनिवारी तुळशीच्या लग्नाचं जेवण आहे. पोळ्या लाटायला ये."

"आत्ताच म्हणालात ना, मी कामाची नाही."

"म्हणूनच ये. सरकारची हरकत नाही आता."

भाडं भरायच्या आत अडकलेला भत्ता एकदम जमा झाला. सोबत निर्णय आला: सदर कृती काम या व्याख्येत बसत नाही. मी अपील लिहायला बसले. रूममेटने विचारलं कशाविरुद्ध, तर म्हटलं, कारणाविरुद्ध. ती म्हणाली, "यार, तू जिंकली आहेस. भाडं भर आणि झोप." भाडं भरलं. मावशीला कळवलं की येत नाही. ती म्हणाली, "बरं, मग खालचा हीटर बंद करते," तेव्हा मात्र मला वाईट वाटलं.

शनिवारी पोळ्या लाटल्या, उभं राहून, दिवसभर. तव्याचा चटका बसून बोटावर फोड आला. पुढच्या प्रश्नावलीत तोच प्रश्न होता, मोबदला मिळाला असो वा नसो. फोडाचं बोट ठणकत होतं, म्हणून दुसऱ्या हाताने 'नाही' दाबलं.