खडूवाल्या भाऊजींची आडवाट

आमचे भाऊजी चाळीस वर्षं नळदुरुस्ती करतात. कामावर गेले की आधी पान्हा नाही, खडू काढतात. पाइपला कान लावून भिंतीतली लाइन बाहेरून आखतात, पाणी जातं तिकडे बाण काढतात, आणि मगच हात घालतात. म्हणून सगळे त्यांना खडूवाले म्हणतात.

गेल्या वर्षी त्यांची छाती अधूनमधून धडधडू लागली. मिनिटाला एकशे ऐंशी ठोके. एकदा शिडीवरच डोळ्यांपुढे अंधारी आली. हृदयात एक जादा वाट आहे, तिच्यातून ठोका गोल फिरतो, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. मांडीच्या शिरेतून बारीक नळी वर न्यायची आणि ती जागा जाळायची. जमलं नाही, तर शिडी कायमची बंद.

ठरल्या दिवशी आत नेलं, पण दोन तासांनी भाऊजींना तसंच बाहेर आणलं. नळी हृदयात शिरलीच नव्हती.

"चुकीच्या पायातून घातली असेल," ताई म्हणाली. माझी बहीण कुणाची भीड ठेवत नाही. "दोनच तर पाय आहेत. नीट बघून घ्यायचं."

दुसऱ्या दिवशी स्कॅन आला. पोटातून हृदयाकडे सरळ चढणारी मोठी शीर भाऊजींना जन्मापासून अर्धीच होती. खालचं रक्त पाठीच्या कण्याजवळून वर चढत होतं आणि वळसा घालून वरून हृदयात उतरत होतं.

भाऊजींनी विचारलं, "कुठे गळती?"

"एक थेंबही नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"मग काम चोख आहे. केलं कुणी?"

हा माणूस पाठीवर टाक्या घेऊन चार-चार मजले चढला होता, आणि आत हे असं चाललं होतं. मला खुर्ची ओढून बसावं लागलं.

भाऊजींनी बाईंकडून कागदावर आकृती काढून घेतली. "बाण राहिले," म्हणत पेन घेतलं आणि पहिलाच बाण पोटातून सरळ हृदयाकडे काढला.

"तिथे रस्ताच नाही," बाई म्हणाल्या.

भाऊजी ओशाळले. "आयुष्यात पहिल्यांदा अंदाजाने बाण काढला. तोही माझ्याच लाइनवर."

या वेळी मानेतून जायचं ठरलं. पण जाळायची जागा ठोक्याच्या चांगल्या वाटेला अगदी चिकटून होती. नळी सरकून तीही जळाली असती, तर ठोके चालू ठेवायला मशीन बसवावं लागलं असतं.

"सावकाश करा," भाऊजी म्हणाले. "मला घाई नाही."

साडेतीन तास लागले. बाहेर आल्यावर बाईंनी सांगितलं, "वाट बंद झाली. मशीन लागलं नाही." आकृतीचा कागद त्यांच्या खिशातच होता.

मी भाऊजींचं मनगट धरून घड्याळाकडे बघत ठोके मोजले. एकाहत्तर. पुन्हा मोजले, एकाहत्तर.

"शिडी?" त्यांनी डोळे मिटूनच विचारलं.

"महिन्याभराने," ताई म्हणाली. "तोवर खडूसुद्धा माझ्याकडे."

मी मनगट सोडलं नाही. पायांकडून निघालेलं रक्त पाठीमागून वर चढत होतं, वळसा घेऊन खाली उतरत होतं, आणि बोटांखाली ठोका एकसारखा येत होता.