उष्टी खुर्ची

चंद्रभान माझा लहाना भाऊ. आमच्या वडनेरचा पहिला दाताचा डॉक्टर. सत्त्याहत्तर साली नागपूरहून शिकून आला, तवा लोक माझी खोडी काढत, "किसनराव, दात कोरून पोट भरत नाई म्हणतात, आन् तुमच्या भावानं नेमकं तेच शिक्षण घेतलं!" मी हासत असे. त्याच्यासाठी शाळा सोडून मी वखर धरला होता, हासायचा हक्क माझाच होता.

हिंगणघाटले मधुकरराव डॉक्टर होते. तीस वर्षं दात काढून त्यांचा हात कापायले लागला. त्यांनी चंद्रभानले निरोप धाडला, माझा दवाखाना घेतोस काय? चंद्रभानच्या मनात तेच होतं. पण मोठ्या भावाले विचारल्याबिगर तो चप्पलही घेत नसे. मले संगं घेऊन गेला.

दवाखाना म्हणजे दोन खोल्या आन् एक जुनी लोखंडी खुर्ची, पायानं दाबली का वर जाणारी. तिच्या हातांवरचा रंग पार उडालेला. डॉक्टर चंद्रभानले म्हणाले, "खुर्ची काय, कुठंही मिळेल. तू वर्षभर माझ्या बाजूला उभा राहा. मी पेशंटची हनुवटी माझ्या हातानं तुझ्या हातात देईन. इकडे लोक हातगुण पाहतात. ओळखीच्या हाताशिवाय कोणी तोंड उघडत नाही."

चंद्रभानचा चेहरा उजळला. आन् माझ्या जिभेले तर हाडच नाई! मी म्हटलं, "डॉक्टरसाहेब, आमची माय मालगुजाराघरचं उष्टं पदरात बांधून आणे. छप्पन साली दीक्षा घेतली आन् आम्ही ते सोडलं. माझा भाऊ कोणाच्या उष्ट्या खुर्चीपाशी उभा नाई राहणार."

चहा आलता, तो आम्ही प्यालो आन् निघालो. रस्त्यावर चंद्रभान हळूच म्हणाला, "भाऊ, ते उष्टं नव्हते देऊन राह्यले."

"तुले काय समजते!" मी त्याले झापलं. काऊन झापलं मी त्याले? आज हे आठवलं का माझ्याच थोबाडात मारावीशी वाटते.

त्यानं माझं ऐकलं. हिंगणघाटलेच बाजाराजवळ खोली घेतली, नागपूरहून कोरी खुर्ची आणली. पाटी लागली, उदबत्ती लागली, पेशंट काई येईना. बाजाराच्या दिवशी मी बाहेरच्या बाकावर गाल धरून बसत असे, मले पाहून तरी कोणी यावं म्हणून. लोक थांबत, पाटी वाचत आन् मलेच विचारत, "हा डॉक्टर कोणाचा?" मी गाव सांगे. मग ते जात विचारत. मग "येतो" म्हणत आन् मधुकररावांच्या कापऱ्या हाताकडे जात. त्या हातानं एकदा हनवटी दिली असती, तर कोणी विचारलं नसतं.

ऐंशी साली मधुकरराव गेले. आता तरी येतील, मी म्हटलं. कायचे येतात! एसटीनं वर्ध्याले जायले लागले. वर्षभरानं चंद्रभाननं पाटी काढली आन् चांद्याकडे सरकारी नोकरीवर गेला. मले एका शब्दानं बोलला नाई. बोलला असता तर बरं झालं असतं.

चौऱ्याऐंशी साली दसऱ्याच्या वक्ताले तो दीक्षाभूमीवर जायले आला. आदल्या दिवशी आम्ही हिंगणघाटले ताराचंदच्या सलूनात दाढीले गेलो. मी खुर्चीत बसलो, हात ठेवले, आन् मले समजलं. तीच खुर्ची! दुखण्यानं धरून धरून लोकांनी रंग घासलेली.

ताराचंद वस्तरा लावत म्हणाला, "डॉक्टरांच्या पोरानं इकली. लोक अजून इच्यात बसले का त्यांचीच आठवण काढतात."

चंद्रभान बाकावरून उठला. त्यानं पायानं दांडी दाबली, खुर्ची सावकाश वर गेली. मग त्यानं माझी हनवटी धरली आन् तोंड उजेडाकडे वळवलं. काय हलका हात होता बाप्पा! बाहेर गाल धरून दोन-तीन वर्षं बसलो मी, पण त्याच्या हातात माझं तोंड कधी दिलं नव्हतं.

माझ्या डोळ्याले पाणी आलं. "लागलं काय?" ताराचंदनं विचारलं.

"नाई," चंद्रभानच म्हणाला. माझी हनवटी त्यानं ताराचंदच्या हातात दिली आन् परत बाकावर जाऊन बसला.