देवदार मागं थांबतो

जेवण झालं की इंदुमतीबाई साताऱ्यातल्या आपल्या अत्तराच्या दुकानामागच्या खोलीत लवंडतात. पडल्या पडल्या डोळा लागत नाही. बाहेर गिऱ्हाइकाशी बोलणाऱ्या सुनेचा, रेवतीचा आवाज येत राहतो, मग तो लांब जातो. आज तो लांब गेला आणि पलंगाच्या कडेला माधवराव येऊन बसले आहेत. त्यांना जाऊन दोन वर्षं झाली, पण टोपी अजून तिरकीच.

"अहो, किती उशीर केलात," त्या म्हणतात, आणि मनातलं सगळं सांगून टाकतात. तापात नाक गेलं. अत्तरवाल्याची बायको आणि वास नाही, म्हणजे आंधळ्या शिंप्याची गत. मोगरा गेला, वाळा गेला, त्याचं एवढं काही नाही. पण तुमच्या शालीत तोंड खुपसलं तरी नुसती लोकर लागते. त्या वासात तुम्ही उरलेसुरले होता, तेही गेलात.

माधवराव हसतात. उठून फडताळ उघडतात, तर आत देवदारांची गार उतरण आहे. दोघं अनवाणीच चालू लागतात. झाडांमध्ये त्यांच्याच दुकानाचं काउंटर लागतं. ते इंदुमतीबाईंच्या मनगटावर देवदाराच्या तेलाचा थेंब टेकवतात. त्या लगेच हुंगायला जातात, तर ते हात धरतात.

"जन्म दुकानात गेला, पण तुझी घाई काही सुटली नाही. मोगरा आधी येतो, मिरवतो. देवदार मागं थांबतो. त्याच्या जिवावर मोगरा संध्याकाळपर्यंत टिकतो."

"मला तर तोही येत नाही."

"तुला आला नाही म्हणून तो गेला, असं कुठं असतं?"

इंदुमतीबाईंना भरून येतं. जिवंतपणी हा माणूस इतकं गोड कधी बोलला नाही, मेल्यावर सुधारला, असं त्या तोंडावर ऐकवतात. माधवराव हात मात्र सोडत नाहीत.

जाग येते तेव्हा रेवती चहा घेऊन उभी आहे. कप ठेवता ठेवता ती थबकते, सासूचा हात उचलून हुंगते.

"आई, देवदार लावलात? पेन्सिलीला नुकतं टोक केल्यासारखा वास येतोय."

इंदुमतीबाई मनगट नाकाशी नेतात. त्यांना काहीच येत नाही. तेलाची बाटली तर पुढं दुकानात, कुलपात आहे. त्या पुन्हा हात पुढे करतात, आणखी एकदा बघ म्हणतात. रेवती बघते. आहे, म्हणते.

"मग रात्री भात तूच भरव मला," इंदुमतीबाई म्हणतात. "हा हात मी आज धुणार नाही."