रोह्याला झेपतील इतकीच माणसं

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. त्यामुळे पुण्यातल्या एका नगररचनाकारांच्या कार्यालयात नोकरी लागली आणि साहेबांनी रोह्याच्या पुढल्या वीस वर्षांच्या विकास आराखड्याचा कच्चा नकाशा हाती दिला, तेव्हा आपण देशाच्या उपयोगी पडतोय असं मला मनापासून वाटलं. आराखड्याचा हेतू चांगलाच होता. नदीला, शेतीला आणि नळाला झेपेल इतकीच वस्ती ठेवायची. मी घरोघरी जाऊन राहणारी माणसं विचारायची. जिथे दाटी आहे तिथे नवा मजला द्यायचा नाही, आणि जिथे माणसंच कमी तिथे मजल्याची गरज नाही. हा नियम मला फार समतोल वाटला.

पनवेलहून पॅसेंजर निघाली. जिते स्टेशन गेल्यावर खाडीकडची सपाट खारजमीन (बांध घालून भरतीच्या पाण्यापासून राखलेली जमीन) दिसू लागली. अशा जमिनीला आमच्या नकाशांत 'राहण्यास अयोग्य' म्हणतात. तिथल्या घरांतून चुलींचा धूर येत होता.

सरावासाठी पेणला उतरून एका गणपतीच्या कारखान्यात गेलो. ओटी, माजघर, जिना, सगळीकडे मूर्ती वाळत होत्या. मालक म्हात्रेकाका एका सोंडेवरून ओला हात फिरवत होते.

"घरात किती जण राहतात?" मी विचारलं.

"आता का गणपती गेल्यावर?"

"आता."

"आता देव राहतात. आम्ही पडवीत."

आतून काकू म्हणाल्या, "त्यांना इचारा, देवांसाठी मजला वाढवून देतील काय."

मी तो रकाना कोरा ठेवला.

खानावळीत तांदळाची भाकरी आणि जिताड्याचं (खाडीकाठच्या तळ्यांत पोसला जाणारा मासा) कालवण जेवलो. गाडीच्या घाईत कालवणाचा हात नकाशाला लागला आणि शेतीच्या हिरव्या पट्ट्यावर हळदीचा डाग पडला. नकाशात पिवळा रंग म्हणजे निवासी जमीन. आराखड्यात निवासी जमीन वाढली ती तेवढीच.

नागोठणं, निडी करत गाडी रोह्याला पोचली. तिथून रिक्षाने आराखड्यातलंच लगतचं वरसे गाव गाठलं. पहिलंच घर हमीदाचाचींचं. बैठं, नवं, आणि गच्चीवर खांबांच्या सळया उभ्या. गंजू नयेत म्हणून प्रत्येक सळईवर रिकामी बाटली उलटी घातलेली. इथे घर बांधताना पुढच्या मजल्याच्या सळया अशा राखून ठेवतात.

"ती इकबालची खोली," चाची वर बोट दाखवून म्हणाल्या. मुलगा सौदीत दमामला नोकरीला होता. लग्न ठरलं होतं. "खोली झाली की तो कायमचा येतो म्हणतो. खालती आम्ही दोघं, दोन पोरी. नव्या सुनेला निजवू खय? मजला मिळंल ना?"

"घरात किती जण राहतात, त्यावर आहे."

"पाच."

"इकबाल धरून?"

"मग? तुझी आय हाय ना रे?"

"आहे."

"ती तुला मोजते का नाय?"

मी पाच लिहिले. कुंपणापलीकडून शेजारच्या पार्वतीबाईंनी ऐकलं होतं.

"हमीदा गो, तुझा मोजला तर माझं दोघं पण घालायला सांग. कंपनीत शिफ्टला गेलेत."

"तुझं रोज घरी येतात गो."

"येतात ते निजायला. त्याला राहणं म्हणतात काय?"

मोजलेल्यालाच पुढे घर मिळणार, असं आळीत पसरायला वेळ लागला नाही. कुणी कुवेतचा दीर सांगितला, कुणी भिवंडीला नांदणारी लेक. एका आजोबांनी अजून न झालेला नातू सांगितला, तेवढा मी नाकारला. बाकी सगळे लिहून घेतले. आईचं नाव निघाल्यावर मला नाही म्हणवेना. अंधार पडेपर्यंत वरशाने वीस वर्षांनंतरची मर्यादा गाठली होती, आणि आळीत मात्र चार म्हातारी माणसं आणि कोंबड्या दिसत होत्या.

पुण्याला साहेबांनी माझे आकडे पाहिले. "हजर नाहीत त्यांना काढा."

मी काढले. घरं रिकामी झाली. "साहेब, धरले तर दाटी होते म्हणून मजला नाही, आणि काढले तर गरज नाही म्हणून नाही."

"म्हणजे नियम दोन्हीकडून बसतो," साहेब खूश होऊन म्हणाले. माझीही पाठ थोपटली. मला बरं वाटलं, हेही सांगायला हवं.

पुढल्या उन्हाळ्यात तयार नकाशा पोचवायला मी पुन्हा रोह्याला गेलो. चाचींकडे जायचं धाडस होत नव्हतं, पण त्यांनीच रस्त्यात हाक मारली आणि घरी नेऊन घावन (तांदळाच्या पिठाचं जाळीदार धिरडं) वाढलं. लग्न झालं होतं. महिनाभर सून पोरींच्या खोलीत आणि इकबाल पडवीत निजला. मग त्याने कंपनीशी पुन्हा करार केला आणि बायकोलाही तिकडेच नेलं.

परतीच्या वाटेवर हिशेब मांडायची मला सवय आहे. आमचा आराखडा कागदावरच राहील असं पुण्यात बरेच जण म्हणायचे. ते खोटं ठरलं. रोह्याची वाढ थांबायला लागली होती, आणि ती मी डोळ्यांनी पाहून येत होतो.

निघताना चाची रिक्षापर्यंत आल्या होत्या. त्यांनी विचारलं, "मग, आता झाली का रे जागा गावात?"

"झाली," मी म्हणालो. "दोन माणसांची."